पायलीला पन्नास? एक तरी शोधून दाखवा!

माळ्यावरचं गंजकं वजन, आजोबांची घडीची फूटपट्टी, धान मोजायची पायली... भंगारवाल्याच्या काट्यावर चढवण्याआधी जरा थांबा. या वस्तू स्वतःचं वय स्वतःच सांगतात. फक्त ते वाचता यायला हवं!

'शेरास सव्वाशेर', 'तोळामासा प्रकृती', 'छटाकभर पोरगं', 'खंडीभर कामं', 'मापात पाप'... ऑफिसात बसून दिवसातून एकदा तरी यातलं काहीतरी आपण बोलतोच. भाजीवाल्याकडे तर अजूनही 'पावशेर मिरच्या द्या' असंच म्हणतो आणि तो निमूटपणे अडीचशे ग्रॅम मोजून देतो. पण खराखुरा शेर तुम्ही कधी हातात धरलाय? पायली पाहिलीय? 'पायलीला पन्नास' म्हणत आपण ज्या मापाला इतकं स्वस्त करून टाकलं, ते माप आज शोधायला गेलं तर पन्नास घरांत मिळून एखादं सापडेल.

ते सापडण्याची चांगली शक्यता असलेलं एक गाव म्हणजे भंडारा जिल्ह्यातलं तुमसर. दिवाळीला तुम्ही पुण्या-नागपूरहून तिकडे जात असाल, तर घराची साफसफाई, फराळ आणि मग गावोगावच्या मंडईचा धडाका हे वेळापत्रक ठरलेलं असणार. त्यातल्या साफसफाईच्या दिवशी माळ्यावरून एक पोतं खाली येतं. त्यात लोखंडाचे गोळे, पितळेचं एखादं डबडं, दुमडणारी लाकडी पट्टी आणि कसलीशी साखळी असते. दारात भंगारवाला उभाच असतो. लोखंड इतके रुपये किलो, पितळ तितके. पाच मिनिटांत व्यवहार संपतो आणि त्यासोबत घराच्या इतिहासाचं एक पानही जातं.

तुमसरच का?

कारण या गावात मोजमाप तीन वेगवेगळ्या दारांनी आलं. पहिलं दार धानाचं. तुमसर ही पूर्व विदर्भातली धान-तांदळाची नावाजलेली बाजारपेठ. इथल्या जुन्या हिशोबात धान किलोत नाही, तर पायली, कुडो आणि खंडीत मोजलं जायचं. वीस कुडो म्हणजे एक खंडी.

दुसरं दार रेल्वेचं. मुंबई-हावडा मार्गावरचं तुमसर रोड जंक्शन बंगाल-नागपूर रेल्वेच्या काळातलं. तिथून तिरोडीकडे फाटा जातो. रेल्वे आली की तिच्यासोबत इंची पट्ट्या, कॅलिपर, पाणसळ आणि पौंडांची वजनंही आली.

तिसरं दार खाणींचं. तालुक्यातल्या डोंगरी बुजुर्ग आणि चिखला इथे मँगनीजच्या खाणी आहेत. खाण म्हटली की जमीन मोजणं आलं, म्हणजे सर्व्हेची साखळी, टेप आणि ओळंबा आला. शिवाय भंडारा पडला पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध, त्यामुळे पितळेची मापंही घरोघर असायची.

म्हणूनच तुमसरच्या एकाच माळ्यावर शेतकऱ्याची पायली, गँगमनची पट्टी आणि सर्व्हेअरची साखळी एकत्र नांदत असतील, तर नवल वाटायला नको. आता या मंडळींचं वय काढायचं कसं? त्याचे सहा फंडे बघूया. सामग्री एवढीच लागेल: किचनमधला डिजिटल काटा, मीटर टेप आणि मोबाइलचा टॉर्च.

फंडा १ : आधी वजन करा

गंमत वाटेल, पण वजनाचं वय काढायची पहिली पायरी म्हणजे त्याचंच वजन करणं. भारतात दशमान वजनं १ ऑक्टोबर १९५८ पासून टप्प्याटप्प्याने आली आणि एप्रिल १९६२ पासून व्यापारात सक्तीची झाली. त्यामुळे काटा १ किलो, ५०० ग्रॅम किंवा २०० ग्रॅम असा गोल आकडा दाखवत असेल, तर वस्तू बहुधा १९५८ नंतरची. या काळातली लोखंडी वजनं षटकोनी असतात. त्याआधीची मात्र बहुधा गोल.

आकडा विचित्र आला तर खूश व्हा! ९३३ ग्रॅमच्या आसपास भरला तर तो ८० तोळ्यांचा शेर. ४६६ म्हणजे अच्छेर, २३३ म्हणजे पावशेर आणि ५८ म्हणजे छटाक. गंजामुळे चार-दोन ग्रॅम इकडेतिकडे होणारच. पण ४५४ च्या जवळ आकडा आला तर सांभाळा, तो अच्छेर नसून इंग्रजी पौंड असू शकतो आणि मग तो रेल्वेच्या किंवा खाणीच्या दारातून आलेला असू शकतो. आकडा यातल्या कशातच बसला नाही, तर तो जुना स्थानिक शेर असेल. कारण पूर्वी 'कच्चा' शेर वेगळा, 'पक्का' वेगळा आणि शेजारच्या बाजारातला आणखी वेगळा!

सोनाराकडची छोटी वजनं सापडली तर तोळ्याकडे लक्ष द्या. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या चांदीच्या रुपयाएवढा. आज सराफ 'तोळा' म्हणतात तो १० ग्रॅमचा. शब्द तोच, पण मधल्या काळात दीड ग्रॅमहून जास्त सोनं गळून गेलं.

फंडा २ : शिक्के वाचा

वजन उलटं करा. खाली खळगा आणि त्यात शिसं भरलेलं दिसेल. ही नुसती डागडुजी नाही. वजन बरोबर जुळवण्यासाठी शिसं भरायचं आणि त्यावर सरकारी निरीक्षकाने शिक्का मारायचा, अशी ती पद्धत. आजच्या पद्धतीत या शिक्क्यात निरीक्षकाचा क्रमांक, वर्षाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचं अक्षर असतं. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, याप्रमाणे डीपर्यंत. एकाच वजनावर अनेक शिक्के असतील तर ती त्याची सर्व्हिस बुकच समजा. सगळ्यात जुना शिक्का सांगतो की वजन त्याआधी बनलंय आणि सगळ्यात नवा सांगतो की तोपर्यंत ते ड्यूटीवर होतं.

शिक्क्यात मुकुट आणि त्याखाली रोमन अक्षरं दिसली तर काम आणखी सोपं. व्ही.आर. म्हणजे व्हिक्टोरिया राणी, काळ १८३७ ते १९०१. ई.आर. म्हणजे सातवा एडवर्ड, १९०१ ते १९१०. जी.आर. म्हणजे जॉर्ज. पाचवा जॉर्ज १९१० ते १९३६ आणि सहावा १९३६ पासून पुढे.

फंडा ३ : रेल्वेची अक्षरं

तुमसरकरांसाठी खास. बी.एन.आर. अशी अक्षरं ठोकलेली दिसली तर ती बंगाल-नागपूर रेल्वे. ही कंपनी १८८७ मध्ये स्थापन झाली, १९४४ मध्ये सरकारने ती ताब्यात घेतली आणि एप्रिल १९५२ मध्ये ती ईस्टर्न रेल्वेत विलीन झाली. ऑगस्ट १९५५ मध्ये साउथ ईस्टर्न रेल्वे वेगळी निघाली, म्हणून एस.ई.आर. म्हणजे त्यानंतरचं. २००३ पासून हा भाग साउथ ईस्ट सेंट्रल रेल्वेत आहे.

यात एक गुगली आहे. नुसतं ई.आर. असेल तर तो एडवर्ड राजा की ईस्टर्न रेल्वे? मुकुट असेल तर राजा, नसेल तर रेल्वेची शक्यता जास्त. एका मुकुटावर चाळीस-पन्नास वर्षांचा फरक पडतो, बघा!

खाणीच्या वस्तूंनाही हाच नियम. १८९६ मध्ये सुरू झालेल्या ब्रिटिश सिंडिकेटची पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली आणि १९६२ मध्ये तिच्या जागी मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड, म्हणजे आजची 'मॉइल' आली. जुन्या कंपनीचं नाव दिसलं तर वस्तू १९६२ च्या आधीची.

फंडा ४ : पत्ता सांगतो पत्ता

दुकानाचं नाव, लाकडी पेटीवरचा कागद, तराजूच्या दांडीवरचा छाप, सगळं वाचा. भंडारा जिल्ह्याने विसाव्या शतकात इतक्या वेळा राज्य बदललंय की पत्ता हेच कॅलेंडर झालंय. 'तुमसर, सी.पी.' असेल तर १९५० पूर्वीचं. 'म.प्र.' असेल तर १९५० ते १९५६. १ नोव्हेंबर १९५६ ला जिल्हा मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आहे. पत्त्यात सहा आकडी पिनकोड असेल तर १५ ऑगस्ट १९७२ नंतरचंच, कारण पिनकोड त्या दिवशी सुरू झाला. अर्थात जुने छापील कागद दुकानदार संपेपर्यंत वापरतात, म्हणून दोन-चार वर्षांची सूट द्या.

परदेशी वस्तूंवर देशाचं नाव शोधा. 'वेस्ट जर्मनी' असेल तर १९४९ ते १९९०. 'ऑक्युपाइड जपान' असेल तर दुसऱ्या महायुद्धानंतरची मोजकी वर्षं, १९५२ पर्यंत. घडीच्या लाकडी पट्टीवर 'जॉन रेबोन अँड सन्स, बर्मिंगहॅम' असेल तर ती १९६३ च्या आधीची मानायला हरकत नाही, कारण त्या वर्षी ही कंपनी चेस्टरमनमध्ये मिसळली आणि नाव 'रेबोन चेस्टरमन' झालं. बॉक्सवूडची पिवळसर पट्टी, पितळी बिजागऱ्या आणि चार घड्या उलगडल्या की दोन फूट, ही तिची ओळख.

फंडा ५ : कोरलेल्या सालाला फसू नका

पितळेच्या मापावर नाव आणि साल कोरायची आपल्याकडे हौसच. पण ते साल कुठल्या कालगणनेतलं? समजा, पायलीवर '१९८५' कोरलंय. तुम्ही म्हणाल, अरे, ही तर परवाची! थांबा. घर व्यापाऱ्याचं असेल तर ते विक्रम संवत असू शकतं. त्यातून ५७ वजा करा, आलं १९२८. तशीच दुसरी पायली, तिच्यावर '१८५०'. इंग्रजांच्या आधीची? नाही हो, शके असेल तर ७८ मिळवा, तेही १९२८! दोन पायल्या, दोन आकडे आणि साल एकच.

आणखी एक. कोरलेलं साल बहुतेकदा लग्नाचं, आहेराचं किंवा वाटणीचं असतं. माप त्याच्या कितीतरी आधी बनलेलं असू शकतं.

फंडा ६ : लांबी मोजा, कड्या मोजा

कापडवाल्याची लोखंडी दांडी सापडली तर टेप लावा. ९१.४ सेंटिमीटर भरली तर गज. त्यावर सोळा सारखे भाग असतील तर ते गिरे, प्रत्येक सव्वादोन इंचाचा. पूर्ण शंभर सेंटिमीटर भरली तर मीटर, म्हणजे दशमानानंतरची.

सर्व्हेची साखळी ओळखणं जरा ट्रिकी आहे. इंग्रज गणिती एडमंड गंटर यांनी १६२० मध्ये बनवलेली साखळी ६६ फुटांची आणि शंभर कड्यांची. दर दहा कड्यांना पितळेचा बिल्ला असतो. दहा साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे बरोब्बर एक एकर. ही साखळी भरते २०.१२ मीटर. दशमानातली साखळीही शंभर कड्यांचीच, पण २० मीटरची. फरक फक्त बारा सेंटिमीटरचा! म्हणून एक कडी मोजून निर्णय देऊ नका. अंगणात पूर्ण पसरून मोजा आणि पितळी मुठीवर काय कोरलंय तेही बघा.

चौकट : नावं विसरलात?
• पश्चिम महाराष्ट्रातल्या जुन्या कोष्टकानुसार : २ निळवी = १ कोळवं, २ कोळवी = १ चिपटं, २ चिपटी = १ मापटं, २ मापटी = १ शेर, ४ शेर = १ पायली, १६ पायल्या = १ मण, २० मण = १ खंडी.
• सोनाराकडे : ८ गुंजा = १ मासा, १२ मासे = १ तोळा.
• वजनाचा पक्का मण : ४० शेर, म्हणजे ३७.३२ किलो.
• गवंडी-सुताराच्या पोत्यात : ओळंबा (उभी रेष सरळ आहे का ते बघायला), गुण्या (काटकोनासाठी), पाणसळ (आडवी पातळी बघायला).

पायलीचं वय मात्र अवघड!

वजनाला किमान आकडा असतो. धान मोजायची पायली म्हणजे फक्त पोकळ भांडं, आणि तिचा आकार गावागणिक बदलायचा. वरचं कोष्टक शाळेत पाठ केलेलं असलं तरी प्रत्यक्षात एका बाजारची पायली दुसऱ्या बाजारात चालेलच असं नव्हतं. म्हणून इथे तीन गोष्टी बघा. पहिली, किती मावतं? आत पाणी किंवा तांदूळ भरून लिटरमध्ये मोजा. गोल लिटर आलं तर दशमानातलं. दुसरी, जोड कसा आहे? पत्र्याला रिव्हेट मारलेत की वेल्डिंग केलंय? वेल्डिंग असेल तर वस्तू अलीकडची, नाहीतर मागाहून दुरुस्त केलेली. तिसरी, झीज कुठे झालीय? काठावरून धान सपाट करण्यासाठी वर्षानुवर्षं हात किंवा काठी फिरली असेल तर काठ गुळगुळीत होतो. सगळीकडे सारखीच 'जुनी' दिसणारी पायली दिसली तर शंका घ्या.

हे सगळं करायचं कशाला?

'अँटिक म्हणून विकलं तर किती येतील?' हा प्रश्न तुमच्या मनात आलाच असेल. खरं सांगायचं तर एका सुट्या शेराने कुणी लखपती होत नाही. पण त्याची खरी किंमत वेगळीच आहे.

'मापात पाप' हा वाक्प्रचार उगाच नाही आला. धान घेताना एक माप आणि देताना दुसरं, हे खेड्यापाड्यांतलं जुनं दुखणं. शेतकऱ्याचा हंगामभराचा घाम त्या एका भांड्याच्या तळावर ठरायचा. तळाला आतून लावलेला जादा पत्रा, कानशीने घासलेलं वजन, एका बाजूला किंचित लांब असलेली तराजूची दांडी या खुणा आजही वस्तूवर वाचता येतात. तुमच्या माळ्यावर एकाच नावाची पण वेगवेगळ्या आकाराची दोन मापं सापडली, तर आजीला विचारा, यातलं घ्यायचं कुठलं आणि द्यायचं कुठलं? उत्तर कदाचित अवघड असेल. पण ते उत्तर कुठल्याच पुस्तकात मिळणार नाही आणि ते सांगू शकणारी पिढी आता ऐंशीच्या पुढे आहे. दशमान वजनं सक्तीची झाली तेव्हा वीस वर्षांचा असलेला माणूस १९४२ चा. हिशोब तुम्हीच करा.

आपण आज ज्या किलोवर डोळे मिटून विश्वास ठेवतो, त्याचा भारताचा मूळ नमुना दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे, क्रमांक ५७. आणि मे २०१९ पासून तर जगात किलोची व्याख्या कुठल्याही धातूच्या तुकड्यावर नाही, तर भौतिकशास्त्रातल्या एका स्थिरांकावर टेकलेली आहे. गावागणिक बदलणाऱ्या पायलीपासून इथपर्यंतचा प्रवास काय होता, ते तुमच्या माळ्यावरचं पोतं सांगतंय.

हे कराच, हे टाळाच

पहिला नियम, घासू नका! पितळ दिसलं की चिंच घेऊन बसायची आपली जुनी सवय. पण दीडशे वर्षं टिकलेला पुसट शिक्का दहा मिनिटांच्या घासण्यात कायमचा जातो. कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटका, तेवढं पुरे. अक्षरं वाचायला खोलीत अंधार करून टॉर्च बाजूने तिरका मारा. तरी नाही दिसलं तर पातळ कागद ठेवून वरून पेन्सिल हलकेच फिरवा. लहानपणी नाण्यांचे छाप काढायचो ना, अगदी तसंच.

दुसरा नियम, झगमगाटाला भुलू नका. पर्यटनस्थळांवर मिळणारी 'लंडन १८८५' असं ठळक कोरलेली चकचकीत पितळी कंपासं ही शोभेची नक्कल असते. कामाच्या जुन्या अवजारावर साल असं मिरवत नाही. तिथे मेकरचं नाव, पेटंट नंबर आणि वापरणाऱ्याने ठोकलेली आद्याक्षरं असतात.

तिसरा नियम, कायदा लक्षात ठेवा. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या दादाला गिफ्ट पाठवण्याआधी चौकशी करा. रेल्वेचा छाप असलेली वस्तू बाजारातून घेत असाल तर ती लिलावातून आल्याचा कागद मागा, कारण रेल्वेची मालमत्ता बेकायदा बाळगण्याविरुद्ध १९६६ चा वेगळा कायदा आहे. आणि जुन्या शेराने दुकानात मोजून विकायची हौस तर मुळीच नको, तोही गुन्हाच!

चौथा नियम, नोंद करा. वस्तूचा फोटो, वजन, लांबी, शिक्क्यांचे क्लोजअप आणि घरातल्या मोठ्यांनी सांगितलेलं तिचं नाव. 'कुडो' म्हणतात की 'कुडव', तेही जसं म्हणतात तसंच रेकॉर्ड करा. रोजच्या वापरातल्या वस्तूही संग्रहालयात मानाने बसतात, हे बघायचं असेल तर पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले दिवे आणि अडकित्ते बघून या. दिनकर केळकरांनी एकेक वस्तू जमवत हा खजिना उभा केला. अडकित्त्याला जागा मिळते, तर पायलीने काय घोडं मारलंय?

तेव्हा या वेळी तुमसरला गेलात की भंगारवाल्याला चहा पाजा आणि पाच मिनिटं थांबवा. तेवढ्या वेळात काटा, टेप आणि टॉर्च घेऊन पोतं उघडा. जे खरंच निव्वळ लोखंड असेल ते खुशाल द्या. पण काट्यावर ९३३ आकडा उमटला, तर ते वजन बाजूला ठेवा आणि आजीला हाक मारा.